घरच्या पोरांवर क्लब उभा करताय? या चुका टाळा

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मॅच हरली की गॅलरीतून एक वाक्य ठरलेलं असतं: "बाहेरनं दोन पोरं आणाय पायजे हुती." पुढच्या आठवड्यात जिंकली की तोच माणूस त्याच पायरीवरून छाती काढून सांगतो, "आपल्या पेठेतली पोरं हाईत म्हटलं!" तालमीच्या फुटबॉल क्लबची कमिटी वर्षभर या दोन वाक्यांच्या मधे हेलकावे खाते.

मी वयोगटाच्या टीम सांभाळतो, बारा-तेरा वर्षं झाली. आपलीच पोरं घडवून क्लब मोठा होतो का, हे चहाच्या गाड्यावर आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. होतो. पुरावे पुढे देतो. फसलेले क्लब पाहिले तर पोरांत दम नव्हता म्हणून फसलेले थोडेच सापडतात. खाली मैदान असतं, कोच असतो, पोरं घाम गाळत असतात, आणि वर सीनियर टीमच्या दाराला आतून कडी असते. चुका बहुतेक त्या कडीच्याच.

अकराच्या अकरा घरचेच हवेत, हा हट्ट

१९९५ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने पॉल इन्स, मार्क ह्यूज आणि आंद्रे कांचेल्स्किस असे तीन नावाजलेले गडी विकले आणि त्यांच्या जागी घरची पोरं उभी केली. पहिल्याच मॅचला ॲस्टन व्हिलाने ३-१ ने धुतलं. टीव्हीवर जुना खेळाडू ॲलन हॅन्सनने सांगून टाकलं की पोराटोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही. पुढच्या मे महिन्यात लीगही युनायटेडकडे आणि एफए कपही. बेकहॅम, स्कोल्स, बट, नेव्हिल बंधू. ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे.

अर्धीच पाठ आहे, हा माझा आक्षेप. त्या पोरांच्या मागे गोलमध्ये पीटर श्मायकल होता. समोर स्टीव्ह ब्रूस आणि गॅरी पॅलिस्टर. मधे रॉय कीन. आणि लिव्हरपूलविरुद्धच्या त्या एफए कप फायनलचा एकमेव गोल कोणी मारला? एरिक कॅन्टोनाने, वय २९, फ्रान्सहून आलेला आणि लीड्सकडून विकत घेतलेला.

१९९५ चीच दुसरी गोष्ट नेदरलँड्सच्या आयाक्सची. व्हिएन्नात चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर इटलीचा एसी मिलान. बदली म्हणून आलेल्या १८ वर्षांच्या पॅट्रिक क्लायव्हर्टने शेवटच्या काही मिनिटांत गोल केला, १-० ने कप आला. त्याला पास दिला ३२ वर्षांच्या फ्रँक रायकार्डने. हा रायकार्ड आयाक्सच्याच अकॅडमीतला, पण मधली वर्षं त्याच मिलानमध्ये काढून, तिथे दोन युरोपियन कप जिंकून परतलेला. बचावात ३३ वर्षांचा डॅनी ब्लिंड. पोरांना पोरं शिकवत नाहीत. त्यांच्या शेजारी उभा राहून "आता थांब, आता जा" म्हणणारा कोणीतरी लागतो.

पूर्ण अकरा घरचे असं बार्सिलोनाच्या बाबतीत घडलं खरं. २५ नोव्हेंबर २०१२, लेव्हान्तेच्या मैदानावर डॅनी आल्व्हेस जखमी झाला, मोंतोया आत आला, आणि काही काळ अकराही जण ला मासियात, म्हणजे क्लबच्याच अकॅडमीत, घडलेले होते. ४-० ने जिंकले. पण ते ठरवून झालेलं नव्हतं, आल्व्हेसच्या दुखापतीने झालं.

मग लोक ॲथलेटिक बिल्बाओचं नाव घेतात. फक्त बास्क, म्हणजे उत्तर स्पेनमधल्या त्या मुलखातलेच खेळाडू, आणि तरी स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमधून एकदाही खाली नाही. असा मान रेयाल माद्रिद आणि बार्सिलोना सोडून आणखी कोणाला नाही. २०२४ मध्ये ४० वर्षांनी कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा कप, जिंकला तेव्हा गबारा नावाच्या बोटीतून नदीवर मिरवणूक निघाली. अभिमान वाटावी अशीच गोष्ट आहे. पण नियम नीट वाचा. बास्क मातीत जन्मलेला किंवा तिथे घडलेला, एवढीच अट आहे. त्यांच्या लेझामाच्या अकॅडमीतलाच हवा, असं नाही. शेजारच्या रेयाल सोसिएदादमधून इन्यिगो मार्तिनेझला त्यांनी २०१८ मध्ये पैसे मोजूनच आणलं.

तेव्हा हिशोब असा धरा: दर दोन-तीन वर्षांनी अकॅडमीतून एखाद-दुसरा खरा पक्का खेळाडू मिळाला तर अकॅडमी उत्तम चालली आहे. बाकीच्या जागा विचार करून भरायच्या.

तेरा वर्षांखालची ढाल

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जरा सविस्तर.

काही वर्षांपूर्वी आमच्या तेरा वर्षांखालच्या टीमने एक स्पर्धा मारली. आमची पद्धत साधी होती. गोलकीपरने लांब किक मारायची, आमच्या नऊ नंबरने पळत सुटायचं. त्याच्या ओठावर मिशीची रेघ आली होती, मांड्या पैलवानासारख्या. समोरची पोरं त्याच्या कमरेला लोंबकळायची, तो त्यांना घेऊनच गोलपर्यंत जायचा. पाच-शून्य, सहा-शून्य. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर माझाही फोटो होता.

त्याच टीममध्ये एक सात नंबर होता. जर्सी गुडघ्यापर्यंत यायची. बॉल पायात येण्याआधी तो मान वळवून मागे बघायचा, हे कोणी शिकवलेलं नव्हतं. अख्ख्या स्पर्धेत मी त्याला मिळून दहा मिनिटं खेळवलं असेल.

सोळाव्या वर्षी सगळ्यांची उंची एकसारखी झाली. नऊ नंबरला आता नुसतं पळून कोणाच्या पुढे जाता येईना, आणि पाठीवर डिफेंडर घेऊन बॉल कसा थांबवायचा हे शिकायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. सतराव्या वर्षी त्याने बूट ठेवले. सात नंबर त्याआधीच दुसऱ्या संघाकडे गेला होता. गेल्या हंगामात तो आमच्याविरुद्ध खेळला. आम्ही हरलो. गॅलरीतून काय आलं ते सांगायला नको.

यात वय चोरायचा भागही नव्हता. नऊ नंबर जानेवारीचा, सात नंबर नोव्हेंबरचा, एवढंच. बाराव्या-तेराव्या वर्षी दहा महिने म्हणजे फार झाले. जगभरच्या अकॅडम्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या पोरांचा भरणा जास्त असतो, हे अनेकदा तपासून झालंय. इंग्लंडमध्ये वर्षाची रेघ १ सप्टेंबरला पडते, म्हणजे जुलै-ऑगस्टची पोरं तिथली धाकटी. पुढे इंग्लंडचा कॅप्टन झालेला हॅरी केन जुलैचा. आर्सेनलने त्याला लहानपणीच काढून टाकलं होतं.

वय चोरी हा वेगळाच रोग. फिफा १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपसाठी २००९ पासून वय पडताळायला मनगटाचं एमआरआय करते. आपल्याकडे आमच्या वडिलांच्या पिढीत अर्धा गाव १ जूनला जन्मलेला असायचा, मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकलेली. ती सवय वेगळ्या कारणासाठी टिकून आहे.

उपाय फुकटचा आहे. ट्रायलच्या यादीत नावापुढे जन्ममहिना लिहा. निवड झाल्यावर पहिल्या चार महिन्यांतले किती आणि शेवटच्या चार महिन्यांतले किती ते मोजा. आकडे एकाच बाजूला झुकले असतील तर तुम्ही फुटबॉलर निवडलेले नाहीत, उंची निवडली आहे.

अठरा ते एकवीसची दरी

कडी इथे असते. पोरगा अठराचा झाला, वयोगट संपला, आणि सीनियर कोच म्हणतो, "अजून कच्चा आहे." कच्चा असणारच. पिकायला मॅच लागतात, आणि मॅच मिळत नाहीत कारण तो कच्चा आहे. दोन वर्षं बेंचवर बसून तो रिक्षाचं परमिट काढतो किंवा बँकेच्या परीक्षेला बसतो.

चेल्सीसारख्या क्लबमध्येही हेच होतं. अकॅडमी उत्तम, पोरं मात्र वर्षानुवर्षं लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांना उसनी दिलेली, गावोगाव. २०१९ मध्ये फिफाने नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली तेव्हा मेसन माउंट, रीस जेम्स, टॅमी अब्राहम यांना रांगेत उभं करावंच लागलं. दोन वर्षांनी चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये माउंट आणि जेम्स दोघेही पहिल्या अकरात होते, आणि विजयी गोलचा पास माउंटचा होता. पोरं तयारच होती. बंदी आली म्हणून दार उघडलं.

लोन वाईट नाही, पण तिथे मॅच खेळायला मिळाल्या पाहिजेत. क्रोएशियाच्या लुका मॉद्रिचला त्याच्या डिनामो झाग्रेब क्लबने अठराव्या वर्षी बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तारला धाडलं होतं. तिथल्या रांगड्या लीगमध्ये लाथा खाऊन तो परत आला. केन टॉटनहॅमचा झाल्यावरही चार क्लबांत लोनवर फिरला.

आपल्याकडे ही दरी भरून काढायचा एक प्रयत्न ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनने केला होता. २०१० मध्ये तरुण पोरांची एक वेगळी टीम थेट आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, उतरवली, पुढे ती इंडियन ॲरोज म्हणून ओळखली गेली. मधे बंद पडली. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपनंतर त्यात खेळलेल्या आपल्या पोरांना घेऊन पुन्हा सुरू झाली. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यांतलाच. टीम तळाशी असायची, लोक हसायचे. पण मॅचमागून मॅच खेळायला मिळत होत्या. २०२२ मध्ये तीही गुंडाळली, आणि मला अजूनही ते चुकलं असं वाटतं.

छोट्या क्लबने काय करावं? वही घाला. प्रत्येक मॅचनंतर २१ वर्षांखालच्या घरच्या पोरांची मिनिटं लिहा. ३-० ने पुढे असताना ८८ व्या मिनिटाला आत पाठवणं म्हणजे संधी देणं नव्हे. त्याचा वेगळा रकाना ठेवा, हंगामाच्या शेवटी बघून लाज वाटते. मँचेस्टर युनायटेडच्या मॅचच्या संघात ऑक्टोबर १९३७ पासून प्रत्येक वेळी अकॅडमीतला निदान एक खेळाडू असतोच, चार हजारांहून जास्त मॅच. कोच आले, गेले, कित्येकांची हकालपट्टी झाली, पण रिवाज मोडला नाही, कारण तो एकट्या कोचच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. तुमच्याही कमिटीने हंगामाआधी ठराव करून दोन जागा राखून ठेवा. दोन मॅच हरल्यावर बाहेरून स्ट्रायकर आणायचा मोह होतो. ठराव त्या दिवसासाठी असतो.

कागद कच्चे

आयाक्सने युरोप जिंकला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोसमन निकाल लागला. करार संपला की खेळाडू फुकट जाऊ शकतो. पुढच्या दोन वर्षांत डेव्हिड्स, रायझिगर आणि तो गोल मारणारा क्लायव्हर्ट असे तिघे मिलानला गेले आणि आयाक्सच्या हातात छदाम पडला नाही. ज्यांना हरवून कप आणला त्यांच्याच घरी! उलट बिल्बाओ कोणाला विकायला राजी नसतो, पण एवढे मोजले तरच सोडू, अशी मोठी रक्कम करारात घालून ठेवतो. २०१८ मध्ये चेल्सीला गोलकीपर केपा हवा होता, तर पूर्ण ८ कोटी युरो मोजावे लागले.

आपल्या पातळीवर करार लांबच, नोंदणीच नसते. मी एका संघाच्या खोलीत जन्मदाखले दुधाच्या पिशवीत खिळ्याला टांगलेले पाहिलेत, वर पाल. आता फिफाचा हिशोब बघा. खेळाडू परदेशी क्लबला विकला गेला तर रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: १२ ते १५ मधल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा. १० कोटींचा व्यवहार झाला आणि पोरगा ती पहिली चार वर्षं तुमच्याकडे होता, तर तुमचे १० लाख. पण नोंद असेल तरच. फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीत पोराचं नाव बाराव्या वर्षीच चढवा, दरवर्षी चढवा.

मालकाचा मूड

हे थोडक्यात, कारण उपाय आपल्या हातात फारसा नाही. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी असे चार क्लब काही वर्षांत आले आणि २०१९ पर्यंत सगळे गेले. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तिघांनी एकदमच आय-लीग सोडली. वरची टीम गेली की खालच्या पोरांनी कोणाकडे बघून खेळायचं? निदान पालकांना पहिल्याच दिवशी सांगा की पैसे किती वर्षांचे आहेत.

आणि अकॅडमी हवीच, हाही हट्ट नको

लंडनच्या ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये अकॅडमी चक्क बंद केली. चांगलं पोरगं तयार झालं की मोठा क्लब येऊन किरकोळ भरपाईत उचलून न्यायचा. मग त्यांनी बी टीम काढली आणि मोठ्या क्लबांनी नाकारलेली सतरा ते वीस वयाची पोरं गोळा केली. २०२१ मध्ये ७४ वर्षांनी ते पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचले. नंतर त्यांनी अकॅडमी पुन्हा सुरू केली ती गोष्ट वेगळी. तुमच्याकडे एकच मैदान आणि दीड कोच असेल तर सहा वयोगट चालवू नका. एकच चालवा, आणि माझं ऐकाल तर सोळाच्या पुढचा.

आमची यंदाची ट्रायल येत्या रविवारी आहे. यादीत जन्ममहिन्याचा रकाना घातलाय. काल रात्री फॉर्म लावत बसलो होतो, पहिल्याच पानावर तिघं जण १ जूनचे निघाले. एकाचा आवाज माझ्यापेक्षा जाड आहे.