महामार्गाचा नंबर सांगताय? या चुका टाळा

पनवेलहून कोकणात उतरणाऱ्या रस्त्याला '१७ नंबर' म्हणणारे अजून ढिगाने सापडतात. २०१० साली केंद्राने राष्ट्रीय महामार्गांना नवे नंबर दिले आणि हा रस्ता ६६ झाला. गप्पांत १७ म्हणा, कोण अडवतंय? पण तोच आकडा पत्त्यात, मालाच्या चलनात किंवा नकाशाच्या ॲपमध्ये टाकला की घोळ सुरू. जुने नंबर नुसते बाद झाले नाहीत, ते दुसऱ्याच रस्त्यांना दिले गेले. आजचा १७ उत्तर बंगालमधल्या सेवोकहून गुवाहाटीकडे जातो. सातारा-कोल्हापूरचा जुना ४ आता ४८ आहे, आणि आजचा ४ आहे अंदमानात! विदर्भातला जुना ६ आता ५३ आणि जुना ७ आता ४४. आजचा ७ धरलात तर बद्रीनाथाचं दर्शन होईल, पांढरकवडा येणार नाही.

यावर उतावळ्यांचा उपाय ठरलेला: जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता मोबाइलमध्ये साठवायचा. तो अर्धवटच चालतो, कारण एका जुन्या नंबराचा एकच नवा नंबर होतो असं नाही. मुंबई-आग्रा रोड पूर्वी सलग ३ होता. आता नाशिक ते धुळे ६०, धुळ्यापुढे इंदूरवरून बियावरापर्यंत ५२, तिथून ग्वाल्हेरपर्यंत ४६ आणि शेवटी आग्र्यापर्यंत ४४. उलट ४८ मध्ये दोन जुने रस्ते जोडले गेलेत: दिल्ली-मुंबईचा ८ आणि मुंबई-चेन्नईचा ४. म्हणून तक्त्यापेक्षा टप्पा सांगायची सवय बरी. 'नाशिक-धुळे दरम्यान, ६० वर' एवढं म्हटलं की पुरे. गाव आधी, नंबर मागून.

नंबर लहान म्हणजे रस्ता मोठा, हाही एक लाडका गैरसमज. नंबर दिशा सांगतो. सम नंबर उत्तर-दक्षिण रस्त्यांचे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. विषम नंबर पूर्व-पश्चिम रस्त्यांचे, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. नागपुरातून जाणारा ५३, कल्याण-नगर-नांदेडचा ६१, पुणे-सोलापूर-हैदराबादचा ६५, असे उतरत या, बरोबर जुळतं. सम नंबरांत मात्र फार ताणू नका. धुळे-सोलापूरचा ५२ हा पुणे-कोल्हापूरच्या ४८ च्या पूर्वेलाच आहे.

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक: तीन आकडी नंबरातला पहिला आकडा गिळणे. शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे, पहिला आकडा शाखेचा. १६६ ही ६६ ची शाखा. बेळगावहून पणजीला जाणारा जुना '४ ए' आता ७४८ आहे, म्हणजे ४८ ची शाखा. हे कळलं की लोकांना वाटतं, शेवटचे दोन आकडे सांगितले तरी भागेल. नांदेडला भागत नाही. तिथे ६१ आहे, अकोला-हिंगोलीकडून येऊन देगलूरला जाणारा १६१ आहे आणि तुळजापूर-लातूरकडून येऊन यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा ३६१ही आहे. रात्री ट्रक बंद पडतो, ड्रायव्हर फोनवर सांगतो, 'नांदेडच्या अलीकडं, एकसष्टला.' क्रेनवाला परभणी रस्त्याला लागतो आणि ट्रक उभा असतो लातूर रस्त्यावर. पुढचे दोन तास फोनाफोनी. शिवाय 'अलीकडं' म्हणजे कुठल्या बाजूने, हेही कुणी विचारत नाही. नंबर पूर्ण सांगा, मागचं गाव आणि पुढचं गाव सांगा, आणि खाली उतरून किलोमीटरचा दगड बघा. दोन मोठ्या दगडांच्या मध्ये दर २०० मीटरला छोटे दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ लिहिलेलं असतं. मोठा दगड ११२ चा आणि त्यापुढचा छोटा ४ चा, तर तुम्ही ११२/४०० वर आहात. राष्ट्रीय महामार्ग असेल तर हाच आकडा १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर सांगायचा. हायवेवरच्या ढाब्याचं नाव सांगू नका, एकाच नावाचे चार असतात.

दगडाच्या डोक्याचा रंगही बघा. पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा. रस्ता चौपदरी आहे म्हणजे राष्ट्रीयच, असं समजू नका.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला ४८ म्हणू नका. ४८ म्हणजे खोपोली-लोणावळ्यातून जाणारा जुना रस्ता.

कागदावरच्या चुकांत वरचा नंबर एका कान्याचा. 'रा.म.' म्हणजे राष्ट्रीय महामार्ग आणि 'रा.मा.' म्हणजे राज्य मार्ग, अशी समजूत धरून लोक अर्ज लिहितात. टाइप करताना काना पडतो किंवा जादा लागतो आणि अर्ज भलत्याच टेबलावर पोचतो. बांधकामासाठी रस्त्यापासून किती अंतर सोडायचं, हे रस्त्याच्या वर्गावर ठरतं, त्यामुळे इथली चूक भिंतीपर्यंत जाते. शब्द पूर्ण लिहा, चार अक्षरांनी शाई संपत नाही.

प्रमुख जिल्हा मार्गाचा, म्हणजे प्रजिमाचा, नंबर जिल्ह्यापुरताच असतो. नुसतं 'प्रजिमा १२' लिहिलंत तर शेजारच्या जिल्ह्यातही १२ निघतो, तेव्हा जिल्हा लिहाच. खड्ड्याची तक्रारही वर्ग बघून करायची: राज्य मार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. वर्ग माहीत नसेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा, मग अर्ज खरडा.