घरी भरलेलं काडतूस पिस्तुलात घालण्याआधी

फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो, आता देवळीजवळ कपाशी-तूर करतो. भाचा टेक्सासात असतो अन् तिथं गॅरेजमध्ये खोक्यात दारू अन् गोळी बसवून नऊ एमएमची काडतुसं स्वतः भरतो (खोका म्हणजे काडतुसाचं पितळी कवच). तिथं ते चालतं. आपल्याकडं बिनापरवान्यानं काडतूस बनवणं हा शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं. तेव्हा गावातल्या पोट्ट्यांनी हात शिवशिवू देऊ नयेत. हे भाचेबुवासारख्यांसाठी आहे. भाच्याच्या पाया पडायची आपली रीत खरी, पण या बाबतीत मी मामा नाही, आर्मोरर आहे.

पहिलं म्हणजे पिस्तुलाचं माहितीपुस्तक उघडा. घरी भरलेलं काडतूस वापरलं तर हमी संपली, असं बऱ्याच कंपन्या लिहून देतात. ग्लॉकच्या मूळ नळीत उघड्या शिशाची, म्हणजे वर तांब्याचं आवरण नसलेली गोळी चालवू नका.

मॅगझिन भरण्याआधी पिस्तूल रिकामं करून नळी बाहेर काढा अन् प्रत्येक काडतूस तिच्यात सोडून पाहा. टक्‌ आवाज करून बसलं, बोटानं फिरलं, नळी उलटी केल्यावर आपोआप पडलं तर ठीक. अडकलं तर बाजूला. नऊ एमएमचं काडतूस खोक्याच्या तोंडाच्या काठावर टेकतं, म्हणून तो काठ आत वळवायचा नसतो. भरताना फाकवलेलं तोंड फक्त सरळ करायचं. प्रायमरवरून, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टिकलीवरून बोट फिरवा. तो बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत हवा, वर आलेला असेल तर ते काडतूस बाद.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये खरी काळजी गोळी आत दबण्याची. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, काडतूस जोरात पुढं ढकलते, गोळीचं नाक नळीत शिरायच्या उतारावर आदळतं. खोक्याची गोळीवरची पकड ढिली असेल तर गोळी खोक्यात सरकते, आतली जागा कमी होते अन् दाब भलताच चढतो. नऊ एमएमच्या छोट्या खोक्यात थोडं सरकणंही पुरे. म्हणून व्हर्नियरनं लांबी मोजा, गोळी टेबलाच्या काठावर अंगठ्याच्या जोरानं दाबा, परत मोजा. फरक आला तर ती खेप वापरू नका. कमाल लांबी २९.६९ मिलिमीटर, पण तुमच्या गोळीसाठी भरणीच्या पुस्तकात जी दिली तीच धरा. एकच काडतूस रोज काढून रोज परत चढवायची सवयही सोडा.

चांदमारीवर चष्मा अन् कानाची झाकणं लावल्याशिवाय उभं राहू नका. नव्या खेपेचं आधी एकच काडतूस मॅगझिनमध्ये घाला. ते झाडल्यावर स्लाइड मागं अडकून राहिली पाहिजे. मग दोन. उडालेला खोका उचलून बघा: बुडाजवळ फुगवटा किंवा प्रायमर चपटा होऊन पसरलेला दिसला तर थांबा.

आवाज ‘फुस्स’ आला, हाताला धक्का कमी लागला, तर चापावरून बोट काढा. लय जण इथंच स्लाइड ओढून पुढची झाडतात. गोळी नळीतच अडकलेली असेल तर दुसरी तिच्यावर आदळून नळी फाटते. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं करा, नळी सुटी करून आरपार उजेड दिसतो का पाहा.

चाप ओढूनही काहीच उडालं नाही, तर पिस्तुलाचं तोंड निशाणाकडंच धरून तीस सेकंद थांबा, मगच काडतूस काढा. अन् दुसऱ्यानं भरलेलं, चिठ्ठी नसलेलं काडतूस सख्ख्या मित्रानं दिलं तरी घेऊ नका.