गांज्याच्या रोपाची पिवळी पानं – माझा अनुभव

इकडे कॅनडातल्या ऑन्टॅरियोत २०१८ पासून घरटी ४ रोपं कायद्याने लावता येतात. आमच्या पहिल्याच रोपाची खालची पानं पिवळी पडायला लागली, शिरा मात्र हिरव्यागार आणि कडेला गंजल्यासारखे ठिपके. सगळे म्हणाले नायट्रोजन कमी आहे, खत टाक, पण नायट्रोजन कमी असला की अख्खं पान फिकट होतं, हा मॅग्नेशियमचा प्रॉब्लेम होता. कुंडीखाली निथळलेल्या पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आम्ल) बघितला तर ५.५ च्याही खाली, माती एवढी आम्लधर्मी झाली की मॅग्नेशियम असूनही मुळांना नीट घेता येत नाही. मग ६.५ पीएचचं भरपूर पाणी सोडलं, नंतर लिटरला पाव चमचा एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट). डागाळलेली पानं परत हिरवी होत नाहीत, नवीन पानांवर लक्ष ठेवायचं, आमची एकदम स्वच्छ आली! आणि पान उलटून लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आहे का ते आधी बघाच, बारीक जाळी दिसली तर हा उपाय चालणार नाही.