अनोळखी लॅपटॉपवर एका कमांडमध्ये बिल्ड: खुल्या प्रकल्पात मेव्हनची घडी कशी बसवावी

जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक छोटं अवजार मी जावात लिहिलंय. कोड खुला केला आणि आठवड्याभरात पहिला निरोप आला: 'बिल्ड होत नाही', म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार होत नाही. माझ्याकडे तर रोज होत होता. दोन संध्याकाळी घालवल्यावर कळलं की वर्षभरापूर्वी मी एक जार फाइल (जावाच्या तयार कोडचं गाठोडं) हाताने माझ्या मशीनवरच्या मेव्हनच्या, म्हणजे लायब्रऱ्या आणून बिल्ड करणाऱ्या अवजाराच्या, साठ्यात टाकली होती आणि विसरून गेलो होतो. जगात ती फक्त माझ्याकडेच होती.

खालच्या पायऱ्या त्या धड्यानंतरच्या आहेत. उदाहरणं मेव्हनची आहेत, पण ग्रेडल किंवा एनपीएम ही तशीच अवजारं वापरणाऱ्यांनाही दुखणी ओळखीची वाटतील.

पायरी १: आधी स्वतःच परके व्हा

प्रकल्प एका नव्या फोल्डरमध्ये क्लोन करा, म्हणजे गिटमधून त्याची ताजी प्रत उतरवा. मेव्हन उतरवलेल्या लायब्रऱ्या तुमच्या होम फोल्डरमधल्या '.एम२' मध्ये साठवतं आणि लपलेली उधारी तिथेच असते. तो साठा पुसायची गरज नाही. कमांड देताना 'मेव्हन.रेपो.लोकल' ही प्रॉपर्टी एखाद्या रिकाम्या फोल्डरकडे वळवा आणि 'व्हेरिफाय' (बिल्ड आणि टेस्ट करणारी पायरी) चालवा. सगळं पुन्हा उतरायला वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो. जे सापडत नाही म्हणून बिल्ड अडेल, ते इतर कुणालाही सापडणार नाही.

अशी जार निघालीच तर मेव्हन सेंट्रलवर (लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक साठ्यावर) असलेला पर्याय शोधा. नसेल आणि लायसन्स परवानगी देत असेल, तर तिचा सोर्सच प्रकल्पात स्वतंत्र मॉड्यूल म्हणून घ्या. 'लिब' फोल्डरमध्ये जार ठेवून 'सिस्टिम' स्कोप (लायब्ररी कुठून आणि केव्हा घ्यायची याची खूण) लावायचा मोह होतो, मलाही झाला होता. तो टाळा. मेव्हनने तो स्कोप केव्हाच कालबाह्य ठरवलाय.

आणखी एक सवय मोडा. 'इन्स्टॉल' ऐवजी 'व्हेरिफाय' चालवत जा. 'इन्स्टॉल' तुमच्या प्रकल्पाच्या जार त्याच साठ्यात नेऊन ठेवतं, मग एखादं मॉड्यूल गुपचूप कालची शिळी जार उचलतं आणि तुम्ही आजच्या कोडमध्ये चूक शोधत बसता.

पायरी २: अवजारांची व्हर्जन्स प्रकल्पातच नोंदवा

'रॅपर:रॅपर' हे गोल (मेव्हनला सांगायचं एक काम) एकदा चालवलं की 'एमव्हीएनडब्ल्यू' नावाची स्क्रिप्ट आणि एक छोटी सेटिंग फाइल तयार होते. दोन्ही कमिट करा. आता येणाऱ्याकडे मेव्हन नसलं तरी चालतं. स्क्रिप्ट ठरवून दिलेलं व्हर्जन स्वतः आणते.

जावासाठी 'मेव्हन.कंपायलर.रिलीज' मध्ये १७ किंवा तुमचा जो आकडा असेल तो लिहा. जुनी 'सोर्स' आणि 'टार्गेट' ही जोडी पुरत नाही. ती भाषेचे नियम पाळते, पण तुम्ही नव्या जेडीकेमधली (जावाच्या विकास-संचातली) एखादी मेथड चुकून वापरली तर गप्प बसते. 'रिलीज' तिथल्या तिथे अडवतं.

प्लगइनचीही (मेव्हनच्या जोड-अवजारांचीही) व्हर्जन्स लिहा. ती वगळली की मेव्हन पिवळा इशारा देतं आणि आपण सगळे तो वाचल्यासारखं करून पुढे जातो.

मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रकल्पात एक गोष्ट जिव्हाळ्याची आहे: 'प्रोजेक्ट.बिल्ड.सोर्सएन्कोडिंग' मध्ये यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) लिहा. माझ्या टेस्टमध्ये 'ज्ञानेश्वर', 'दुसऱ्या', 'वाङ्मय' असे मुद्दाम अवघड शब्द आहेत. लिनक्सवर सगळ्या टेस्ट हिरव्या, विंडोजवर त्याच शब्दांच्या जागी परग्रहावरची अक्षरं. जावा १७ पर्यंत डिफॉल्ट एन्कोडिंग ऑपरेटिंग सिस्टिम ठरवायची. २०२२ मध्ये आलेल्या १८ पासून ते यूटीएफ-८ झालं. पण १७ वापरणारे भरपूर आहेत, त्यामुळे फाइल वाचतानाही कोडमध्ये एन्कोडिंग स्पष्ट लिहा.

पायरी ३: झाड बघा

'डिपेंडन्सी:ट्री' चालवा. प्रकल्प ज्या लायब्रऱ्यांवर अवलंबून आहे (डिपेंडन्सी), त्यांचं झाड ते दाखवतं. तुम्ही चार लायब्रऱ्या मागितलेल्या असतात आणि दारात तीस उभ्या असतात, कारण प्रत्येकीचा स्वतःचा गोतावळा असतो.

इथे मेव्हनचा एक नियम पाठच हवा. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स समोर आली तर मेव्हन नवं व्हर्जन निवडत नाही. तुमच्या प्रकल्पापासून झाडात जे जवळ, ते जिंकतं. अंतर सारखं असेल तर पॉम फाइलमधल्या (मेव्हनसाठी प्रकल्पाचं वर्णन असलेल्या फाइलमधल्या) क्रमाने जे आधी येतं, ते.

याचा फटका मला असा बसला. वर्ड फाइल वाचायला मी अपाचे पीओआय घेतलं होतं. पीओआयला कॉमन्स-आयओ नावाची दुसरी लायब्ररी लागते. मी कधीतरी कॉमन्स-आयओ २.११.० स्वतःच्या पॉममध्ये थेट लिहून ठेवलं होतं. पीओआय पुढे गेलं, त्याला नवं कॉमन्स-आयओ हवं झालं. पण माझं थेट लिहिलेलं एका पायरीवर, पीओआयचं दोन पायऱ्यांवर. जुनं जिंकलं. कंपाइल सुखरूप झालं, कारण पीओआय आधीच कंपाइल होऊन आलेलं असतं. पहिली वर्ड फाइल उघडताना मात्र 'नोसचमेथडएरर', म्हणजे हवी ती मेथडच सापडत नाही. हा एरर दिसला की स्वतःच्या कोडवर संशय घेण्याआधी झाड बघा. 'व्हर्बोस' जोडलंत तर हरलेलं व्हर्जनही कंसात दिसतं, 'ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट' असा शेरा मारून. साध्या झाडात ते दिसतच नाही.

उपाय सोपा होता: माझी ती ओळ काढून टाकली. जिथे व्हर्जन ठरवणं भागच असतं, तिथे ते पॅरेंट पॉमच्या 'डिपेंडन्सीमॅनेजमेंट' भागात एकदाच लिहा. मॉड्यूलमध्ये फक्त नाव. पुन्हा असं होऊ नये म्हणून एन्फोर्सर या नियम मोडले की बिल्ड अडवणाऱ्या प्लगइनचा 'डिपेंडन्सीकन्व्हर्जन्स' नियम लावता येतो. तो फार कटकट्या आहे. मोठ्या प्रकल्पात पहिल्या दिवशी लावलात तर शंभर तक्रारी येतील, म्हणून आधी झाड थोडं आवरा.

पायरी ४: नको ते काढा

टेस्टपुरत्या लायब्रऱ्यांना 'टेस्ट' स्कोप द्या. तो नसेल तर तुमचं अवजार वापरणाऱ्याच्या गळ्यात जेयुनिट ही टेस्टची लायब्ररीही पडते. 'डिपेंडन्सी:ॲनलाइझ' दोन याद्या देतं: वापरता पण लिहिलेल्या नाहीत, आणि लिहिल्यात पण वापरत नाही. दुसरी यादी बघून लगेच कात्री चालवू नका. डेटाबेसचा ड्रायव्हर किंवा लॉगिंगची अंमलबजावणी चालू असतानाच लागते. कोडमध्ये तिचं नाव नसतं, म्हणून ती बिनकामाची दिसते.

लायसन्सही इथेच तपासा. अपाचे २.० चा कोड जीपीएल ३ च्या प्रकल्पात चालतो, फक्त जीपीएल २ असलेल्या प्रकल्पात चालत नाही.

पायरी ५: मॉड्यूल पाडा, पण डिपेंडन्सीच्या रेषेवर

मी तीन पाडली: अक्षरांचं रूपांतर, वर्ड फाइलचं वाचन, आणि कमांड लाइन. रूपांतराच्या मॉड्यूलला एकही बाहेरची लायब्ररी लागत नाही, त्यामुळे ज्याला तेवढंच हवंय त्याला पीओआय ओढावं लागत नाही. विभागणीचं खरं कारण एवढंच. हजार ओळींच्या प्रकल्पाची आठ मॉड्यूल केलेली पाहिली की मला दोन खोल्यांच्या घरातले आठ दरवाजे आठवतात.

पायरी ६: पहारा

सीआयवर (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड चालवणाऱ्या सेवेवर) लिनक्स आणि विंडोज दोन्ही ठेवा. गिटहबचे साधे रनर (बिल्ड चालवणारी मशीन्स) सार्वजनिक रेपोला फुकट मिळतात. माझी एन्कोडिंगची चूक सीआयने पकडली. मी विंडोज वापरतच नाही.

डिपेंडन्सी नव्या करण्यासाठी डिपेंडाबॉट किंवा रेनोव्हेट हे नवी व्हर्जन्स आपोआप सुचवणारे बॉट लावा, मात्र रोज नको. महिन्यातून एकदा, छोट्या सुधारणा एकत्र. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या लगेच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉगिंगच्या लायब्ररीमधलं भगदाड उघड झालं, तेव्हा २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत चार व्हर्जन्स एकाच महिन्यात आली. अनेकांना आपल्याकडे लॉगफोरजे आहे हेच ठाऊक नव्हतं, कारण ते दुसऱ्या लायब्ररीच्या पाठीवर बसून आलं होतं. 'डिपेंडन्सी:ट्री' ला 'इन्क्लुड्स' मध्ये नाव दिलं की एवढं एका मिनिटात कळतं.

माझ्या रीडमीमध्ये बिल्डबद्दल आधी पाऊण पान सूचना होत्या. आता दोन ओळी आहेत: जेडीके १७ हवं, आणि 'एमव्हीएनडब्ल्यू व्हेरिफाय' चालवा.