डाळीचं पाणी नको, डाळ द्या

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात अंगणवाडी सेविका म्हणून मला 22 वर्षं झाली. बाळांची वजनं घेताना दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, "ताई, खातो तर भरपूर, मग अंगाला का लागत नाही?" मी म्हणते, वाटीत काय असतं ते सांग. बहुतेक वेळा डाळीचं पाणी निघतं, पेज निघते, नाहीतर अळणीचा, म्हणजे बिनतिखट मटणाचा, रस्सा.

माझ्या नातवाचंही तेच झालं. सहाव्या महिन्यात 7 किलो, आठव्यात 7 किलो 100 ग्रॅम. लेक तीनदा वाटीभर भरवत होती. मी चमचा जरा तिरका केला, तर सगळं ओघळून पाटावर. पाण्यानंच पोट भरायचं आणि मग पोरगं अंगावरही कमी प्यायचं.

चमचा कलंडला तरी घास चमच्यावर राहिला पाहिजे, एवढं धरून चला. मुगाची डाळ-तांदूळ मऊ शिजवा, हातानं कुस्करा, वर चमचाभर साजूक तूप. पाणी घालून मिक्सरमधून फिरवू नका. रविवारी मटण असेल तर तिखट-मीठ पडायच्या आधी थोडं बाजूला काढा, अगदी मऊ शिजवा, बारीक करून भातात कालवा. सहा महिन्यांनंतर बाळाला वरून लोह लागतं. ते मटणात असतं, रश्श्यात फारसं उतरत नाही. मटण खात नसाल तर मसूर, वर लिंबाचे दोन थेंब. लिंबानं लोह चांगलं शोषलं जातं. पूर्ण उकडलेलं अंडंही चालतं. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून 2-3 वेळा, पुढे 3-4 वेळा, आणि अंगावरचं दूध चालूच. नवव्या महिन्यात नातू साडेसात किलो भरला.

पहिले 6 महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, गुटी नाही. मध तर वर्ष होईपर्यंत चाटवायचाच नाही, त्यातून बाळाला बोटुलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. मीठ आणि आपला कोल्हापुरी गूळही वाढदिवसानंतरच. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध मोठी माणसं आवडीनं पितात, पण तान्ह्याला कच्चं दूध बाधतं, आणि म्हशीच्या दुधात लोहही नावापुरतंच.

जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, घाबरू नका. दोन आठवड्यांत ते भरून येतं. मग तीन महिने आठवड्याला साधारण 150 ते 200 ग्रॅम. पाच-सहा महिन्यांत जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट. मधे वेग मंदावतो, ते नैसर्गिक आहे. शेजारणीचं बाळ गुबगुबीत दिसलं म्हणून आपल्याला कोंबून भरवू नका, फार जीव तुटतो ते बघताना.

वजन एकाच काट्यावर, उघड्या अंगानं, लंगोट काढून घ्या. स्वेटर-टोपरं घालून आलेलं बाळ 300 ग्रॅम जास्त दाखवतं आणि पुढच्या महिन्यात आई रडत बसते. वजनाचा ठिपका बाळाच्या वाढीच्या कार्डावर मांडा आणि रेषा वर चढतेय का ते पाहा. तान्ह्या बाळाचं वजन महिनाभर वाढलं नाही, किंवा मोठ्या बाळाची रेषा सलग दोन महिने आडवी राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लंगोट ओला झाला, बाळ मलूल पडलं, ओढून पिईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र काढू नका.