माउथवॉशमध्ये दारू असते का? औषधाच्या दुकानातून उत्तरं

बाटली हातात घेतलीत की आधी मागची बाजू वाचा. पुढे पुदिना आणि बर्फ छापलेला असतो, त्यावरून काही कळत नाही. यादीत 'अल्कोहोल' किंवा 'इथेनॉल' लिहिलं असेल, तर ते आहे. माळकरी मंडळी मला हे हमखास विचारतात. त्यांना मी बिनअल्कोहोलची बाटली देते. रोजचं काम तिनेही भागतं, उगाच मनाला खुटखुट कशाला?

मग कंपन्या ते घालतात तरी कशासाठी? थायमॉल (ओव्यातला अर्क), मेन्थॉल (पुदिन्यातला), निलगिरीचा अर्क पाण्यात नीट विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. जुन्या धाटणीच्या माउथवॉशमध्ये ते वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत असतं. सॅनिटायझरमध्ये 60-70 टक्के लागतं, म्हणजे इथे जंतूंशी झगडतात ते मुख्यतः हे अर्क. जळजळ झाली म्हणजे औषध लागू पडलं, असं नाही! तोंड आलं असेल किंवा कोरडं पडत असेल, तर जळजळणारी बाटली नकोच. दारू सोडवण्याची डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर अजिबात नको.

एसटीच्या ड्रायव्हरदादांची भीती वेगळी. चूळ भरून लगेच दारू तपासायच्या यंत्रात फुंकलं, तर आकडा दिसू शकतो. तो तोंडात राहिलेल्या वाफेचा असतो, रक्तातला नव्हे, आणि साधारण पंधरा मिनिटांत उतरतो. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. पण गेटवर वाद घालण्यापेक्षा बिनअल्कोहोलचं घ्या.

सहा वर्षांखालच्या मुलांना कुठलंच देऊ नका, ती गिळतात.

दाढ काढल्यावर डॉक्टर 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिन, म्हणजे जंतुनाशक औषधी माउथवॉश, लिहून देतात, ते वेगळं प्रकरण. सांगितलेल्या दिवसापासून सुरू करा, काढल्या दिवशी चुळा भरू नका. नंतर 10 मिली घेऊन मिनिटभर खुळखुळवायचं आणि थुंकायचं. पेस्टमधल्या फेसाच्या रसायनामुळे त्याचा असर कमी होतो, म्हणून ब्रशनंतर अर्धा तास थांबा. बरेच जण चिठ्ठी संपल्यावरही तीच बाटली पुन्हा मागतात आणि मग दात तपकिरी झाले म्हणून माझ्याकडेच तक्रार करतात. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस वापरा.

वासासाठी घेत असाल तर आधी जीभ साफ करा, बराचसा वास तिथलाच असतो. तरीही जात नसेल तर नवी बाटली नको, हिरड्या दाखवून या.