खांद्यावरच्या तीन फिती

रात्री दीड-दोनला फोन वाजला की घरातल्यांना आता कळतं, कुठल्यातरी पोलीस कोठडीतून मराठी दुभाषी हवा आहे. मूळची मी सांगलीची. इंग्लंडात येऊन एकोणीस वर्षं झाली आणि त्यातली बरीच वर्षं मी हे काम करते आहे. आत जे ऐकते ते बाहेर सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम. त्यामुळे इथे कोणाची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. पण नवीन आलेली आपली माणसं तिथे त्याच त्याच चुका करताना दिसतात आणि त्यातल्या निम्म्या चुका 'सार्जंट' म्हणजे कोण हे माहीत नसल्यामुळे होतात. म्हणून हे सांगायला बसले.

आपल्याकडे तीन फिती म्हणजे हवालदार. म्हणून माणूस समोरच्या तीन फिती बघतो आणि मनात म्हणतो, हा काय करणार, साहेबांशी बोलू. इथे तीच चूक होते. इथल्या क्रमात कॉन्स्टेबल, मग सार्जंट, मग इन्स्पेक्टर, चीफ इन्स्पेक्टर, सुपरिंटेंडंट असं वर चढत जातं. म्हणजे सार्जंट ही दुसरीच पायरी. पण तुम्हाला पकडून आणल्यावर आत ठेवायचं की सोडायचं, याचा पहिला निर्णय हाच माणूस घेतो. तुम्ही ज्यांना 'साहेब' समजून शोधता ते त्या वेळी इमारतीत असतीलच असं नाही, आणि असले तरी तो निर्णय त्यांचा नसतो.

रस्त्यावरच्या सार्जंटबद्दल थोडक्यात सांगते. तो कॉन्स्टेबलांच्या एका तुकडीचा प्रमुख असतो. पाळी सुरू होताना कामं वाटून देतो, तरुण पोरांनी लिहिलेले अहवाल तपासतो, ९९९ या तातडीच्या नंबरवर आलेल्या गंभीर कॉलला स्वतः जातो. लंडनमध्ये त्याचे लोक त्याला 'स्किपर' म्हणतात. तुम्ही 'सार्जंट' किंवा 'ऑफिसर' म्हणा, सर-सर करायची गरज नाही. खांद्यावर फितींजवळ त्याचा नंबर असतो, तो लिहून घेतला तर कोणी रागवत नाही. चोरी होऊन गेली आहे, चोर पळाला आहे, जिवाला धोका नाही, अशा वेळी १०१ ला फोन करा. प्रसंग चालू असेल किंवा धोका असेल तर ९९९. आणि 'चहापाणी' हा शब्द विमानतळावरच सोडून या. पैसे पुढे करणं हा इथे स्वतंत्र गुन्हा आहे, मूळ प्रकरण कितीही किरकोळ असलं तरी.

आता कस्टडी सार्जंट, म्हणजे कोठडी सांभाळणारा. आपल्या ठाणे अंमलदाराच्या खुर्चीची आठवण करून देणारी ही जागा, पण अधिकार फार वेगळे. पकडून आणणारा कॉन्स्टेबल तुम्हाला एका उंच काउंटरसमोर उभं करतो आणि अटक का केली ते सार्जंटला सांगतो, तुमच्यादेखत. सार्जंट ऐकतो आणि ठरवतो: आत ठेवण्याची खरंच गरज आहे का? कायद्याने हा माणूस तपासापासून वेगळा ठेवलेला असतो. तपासी अधिकारी वरच्या हुद्द्याचा असला आणि त्याचं सार्जंटशी पटलं नाही, तरी त्याला हुकूम सोडता येत नाही, प्रकरण सुपरिंटेंडंटकडे न्यावं लागतं. हा नियम पहिल्यांदा समजला तेव्हा मला नवल वाटलं होतं.

असं का, याला इतिहास आहे. १९७२ साली लंडनमध्ये मॅक्सवेल कॉन्फेट नावाच्या माणसाचा खून झाला. तीन मुलग्यांनी पोलिसांसमोर कबुली दिली, त्यांना शिक्षा झाली आणि १९७५ मध्ये अपील कोर्टाने ती रद्द केली. कबुलीजबाब विश्वासार्ह नव्हते. त्यावर चौकशी झाली, मग शाही आयोग बसला आणि १९८४ चा पोलीस आणि गुन्हेगारी पुरावा कायदा आला. कोठडीतल्या माणसाची जबाबदारी तपास करणाऱ्यावर नको, दुसऱ्या कोणावर तरी हवी, हे त्या कायद्याने ठरवलं. काउंटरमागे बसलेला सार्जंट हा तो 'दुसरा कोणी'. तो तुमचा वकील नव्हे, तुमचा मित्रही नव्हे, पण तुम्ही धडधाकट बाहेर पडावं आणि तुमचे हक्क तुम्हाला मिळावेत याचा जाब त्याला द्यावा लागतो. (हे सगळं इंग्लंड आणि वेल्सचं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत.)

काउंटरवर तो प्रश्नांची सरबत्ती करतो. काही आजार आहे? औषधं चालू आहेत? दारू घेतली आहे? कधी स्वतःला इजा केली आहे? वाचता-लिहिता येतं? आपली माणसं एकजात 'नो, नो, आय ॲम फाइन' म्हणतात. लाजेने म्हणतात, किंवा आजार सांगितला तर प्रकरण वाढेल या भीतीने. एका मधुमेही गृहस्थांनी माझ्यासमोर सगळ्याला नाही म्हटलं. त्यांच्या ओठांवर घाम दिसत होता, हात थरथरत होते. सार्जंटने पेन खाली ठेवलं, मला म्हणाला, "त्यांना परत विचारा, आणि सांगा की हे मी तपासासाठी विचारत नाही." तेव्हा कुठे त्यांनी इन्सुलिनचं सांगितलं. पुढच्या पाच मिनिटांत नर्सला बोलावणं गेलं. कृपा करून हे प्रश्न गंभीरपणे घ्या. आजार, औषधं, पाठीचं दुखणं, कोठडीत बंद राहण्याची भीती, सगळं सांगा. शाकाहारी असाल तर तेही. चोवीस तासांत दोन हलकी आणि एक मुख्य जेवण द्यायचा नियम आहे.

मग तो विचारतो, सॉलिसिटर हवा का? इथे माझा जीव खालीवर होतो, कारण दुभाषी म्हणून मला सल्ला देता येत नाही, फक्त भाषांतर करायचं. समोरचा म्हणतो, "मी काही केलंच नाही तर वकील कशाला? वकील मागितला तर गुन्हेगार वाटेन." तिथे बोलता येत नाही म्हणून इथे मोकळेपणाने सांगते: हो म्हणा. कोठडीतला सॉलिसिटरचा सल्ला सगळ्यांना फुकट असतो, पगार कितीही असो. तो मागितल्यामुळे कोणाचं मत वाईट होत नाही, सार्जंट रोज डझनभर लोकांसाठी तो फोन लावतो. दुभाषीही फुकट मिळतो. आयटीत काम करता, रोज इंग्रजीत मीटिंगा घेता, हे मान्य. तरी पहाटे तीनला, बुटांचे बंद काढून घेतलेले असताना, आपल्या बाजूचं नीट सांगायला आईची भाषा लागते. मागायला संकोचू नका.

कोणाला कळवायचं का, हाही प्रश्न असतो. तोवर मोबाइल जमा झालेला असतो आणि बायकोचा नंबर पाठ नसतो. हसू नका, हे मी इतक्या वेळा बघितलं आहे की आमच्या घरी मुलांकडून दोन नंबर तोंडपाठ करून घेतले आहेत. परदेशी नागरिक म्हणून भारतीय उच्चायुक्तालयाला कळवायचाही हक्क तुम्हाला आहे.

वस्तू जमा होतात तेव्हाचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एका मुलीने मंगळसूत्र काढून काउंटरवर ठेवलं. काळे मणी, दोन वाट्या, साखळी थोडी झिजलेली. सार्जंटबाईंनी हे काय असतं ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी उचलून ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं, पिशवी बंद केली आणि यादीत लिहिलं: काळ्या मण्यांची माळ, पिवळा धातू. ते 'पिवळा धातू' मी भाषांतरून सांगितलं आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सोनं आहे ते. माझ्या सासूबाईंचं." सार्जंटबाईंनी समजावलं की आम्ही सोनार नाही, दिसतं तेवढंच लिहितो, सगळ्यांच्याच बाबतीत. खरंच तशी पद्धत आहे. पिशवीचा नंबर आणि यादी बघून मगच सही करा, आणि 'पिवळा धातू' वाचून मनाला लावून घेऊ नका.

वेळेचं घड्याळ ठाण्यात पोचल्यापासून सुरू होतं. सर्वसाधारण मर्यादा चोवीस तासांची. पहिल्या सहा तासांत एक इन्स्पेक्टर आढावा घेतो, नंतर दर नऊ तासांनी. गंभीर गुन्ह्यात सुपरिंटेंडंट छत्तीस तासांपर्यंत वाढवू शकतो आणि त्यापुढे मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं, तेही जास्तीत जास्त शहाण्णव तासांपर्यंत. दहशतवादाच्या प्रकरणांचे नियम निराळे. अठरा वर्षांखालच्या मुलासोबत एक जबाबदार मोठं माणूस असायलाच हवं, बहुतेक वेळा आई किंवा वडील. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे: आत शिरताच मुलाला "सांगून टाक सगळं" म्हणून दरडावू नका. आधी सॉलिसिटरला येऊ द्या.

आता एका शब्दाबद्दल, कारण त्याने कित्येकांची व्हिसाची घडी विस्कटली आहे. 'कॉशन' हा शब्द तुम्हाला दोन वेगळ्या अर्थांनी ऐकू येईल. अटकेच्या वेळी वाचून दाखवतात ती सूचना म्हणजेही कॉशन: तुम्ही काही बोललंच पाहिजे असं नाही, पण पुढे कोर्टात ज्याचा आधार घ्याल ते आता विचारल्यावर सांगितलं नाही, तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते. ती सगळ्यांना ऐकवतात, तिने तुमच्यावर काही डाग लागत नाही. दुसरं कॉशन प्रकरण मिटवताना देतात. "गुन्हा मान्य करा, कॉशन घ्या आणि घरी जा," असं ऐकलं की दमलेला माणूस लगेच हो म्हणतो. त्याला वाटतं तंबी देऊन सोडलं. पण ते स्वीकारणं म्हणजे गुन्ह्याची कबुली, त्याची नोंद राहते आणि पुढे व्हिसाच्या किंवा नागरिकत्वाच्या अर्जात ते सांगावं लागतं. सॉलिसिटरशी बोलल्याशिवाय ते घेऊ नका. तसंच 'व्हॉलंटरी इंटरव्ह्यू'चं पत्र आलं तर गप्पा मारायला बोलावलं आहे असं समजू नका. अटक नसते एवढंच. सूचना तीच, रेकॉर्डिंग तेच, आणि सॉलिसिटर तिथेही फुकट मिळतो.

घरगुती भांडणाबद्दल बोलायला आपल्याकडे लोक बिचकतात, पण मला सगळ्यात जास्त बोलावणी त्यासाठीच येतात. शेजाऱ्याने आवाज ऐकून फोन केला तरी पोलीस येतात, दोघांशी वेगवेगळं बोलतात आणि मारहाणीची शंका असली तर सहसा अटक होते. "आमचा घरातला मामला आहे, मिटवतो आम्ही," हे इथे चालत नाही, आणि चालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या बाईला मार बसतो तिच्यासाठी दारात आलेला तो सार्जंट बहुधा पहिला माणूस असतो, जो नवऱ्याला खोलीबाहेर नेऊन तिचं एकटीचं ऐकून घेतो. बहिणींनो, दुभाषी मागा, नवऱ्याला किंवा दिराला भाषांतर करू देऊ नका.

पुरेसा पुरावा नसेल आणि तपास चालू असेल तर बहुतेक वेळा जामिनावर सोडतात. आपल्यासारखा जामीनदार शोधत फिरायचं किंवा पैसे भरायचे, असं सहसा नसतं. पण अटी असतात. घरी जायचं नाही, बायकोशी संपर्क करायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी नवरा व्हॉट्सॲपवर "जेवलीस का" विचारतो. प्रेमाने विचारतो, पश्चात्तापाने विचारतो, पण अट मोडली ती मोडली. पुन्हा अटक होते. आईकरवी निरोप, मित्राकरवी निरोप, हेही संपर्कातच येतं. सार्जंट अटी वाचून दाखवतो तेव्हा एक-एक अट परत सांगायला लावा, दुभाषाला थांबवून विचारा. आम्हाला त्याचा त्रास होत नाही.

वागणूक वाईट मिळाली तर त्या वेळी ड्यूटी इन्स्पेक्टरला भेटायचं आहे असं सांगा, तक्रार नोंदवून घ्या, नंतर त्या पोलीस दलाकडे लेखी करा. भांडू मात्र नका. कोठडीत जागोजागी कॅमेरे असतात, ते तुमच्याही बाजूने साक्ष देतात.

सुटताना सार्जंट शेवटचे काही प्रश्न विचारतो. घरी कसे जाणार? घरी कोण आहे? आता कसं वाटतंय? आपल्या लोकांना यात पाळत ठेवल्याचा संशय येतो आणि ते तोडून उत्तर देतात. हाही त्याच्या कामाचा भाग आहे. माणूस आपल्या ताब्यातून सुटून रस्त्यावर सुखरूप पोचेल का, हे त्याला बघावंच लागतं. खिशात पैसे नसतील, शेवटची बस गेली असेल, घरी जायची हिंमत होत नसेल, तर सांगा. त्या मंगळसूत्रवाल्या मुलीने सांगितलं की मला इथलं कोणीच माहीत नाही. सार्जंटबाईंनी पिशवी फोडून वस्तू तिच्या हातात दिल्या, यादीवर सही घेतली आणि तिच्यासाठी फोन हातात घेतला. वाट बघताना तिने हुक लावायचा प्रयत्न केला, हात कापत होते म्हणून जमेना. दुभाषाने असं करायचं नसतं, तरी मी तिच्या मागे उभी राहून तो लावून दिला.